दिलेली मंजुरी परत घेताना

(नामपूर येथील स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



२० सप्टेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले. महिनाभर आधी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले होते. त्याच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. चाळीतला उन्हाळ कांदा तोवर चार-पाच महिन्यांचा झालेला असतो. पावसाळी दमट हवेत त्याला कोंब फुटतात, खालचा थर पाणी सोडतो, वजन रोज घटते. व्यापारी सरकारशी भांडत होते, नुकसान मात्र चाळीत होत होते. बंद लांबला तसे प्रशासनाने व्यापाऱ्यांचे परवाने रद्द करण्याचे इशारे दिले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लिलाव पुन्हा सुरू झाले.

तो इशारा हवेतला नव्हता. राज्याच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात कलम ८ आहे. दिलेला परवाना बाजार समिती कधी निलंबित किंवा रद्द करू शकते, हे त्यात ओळीने सांगितले आहे. परवाना जाणूनबुजून खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने मिळवला असेल. परवान्यातल्या अटी मोडल्या असतील. इतर परवानाधारकांशी संगनमत करून बाजार अडवून धरण्याच्या हेतूने नेहमीचा व्यवहार बंद ठेवला असेल. परवानाधारक दिवाळखोर ठरला असेल. कारण लेखी नोंदवावे लागते, समोरच्याला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते आणि त्यावर अपील करता येते. हे कलम चांगले की वाईट, ते सगळीकडे नीट वापरले जाते की नाही, यावर नामपूरच्या बाजारात दोन मते असतील. पण परवाना कशाने जाऊ शकतो, हे परवाना घेतानाच व्यापाऱ्याला कळलेले असते.

आता बाजार समितीच्या आवारातून उठून दिल्लीला जाऊ. तिथे भारतीय स्पर्धा आयोग आहे. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी एकमेकींना विकत घ्यायचे, एकमेकींत विलीन व्हायचे किंवा मोठा हिस्सा खरेदी करायचा, तर ठराविक मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला या आयोगाची आगाऊ मंजुरी लागते. हजारो कोटींचे व्यवहार त्या मंजुरीवर उभे राहतात. पण ती मंजुरी आयोगाला परत घेता येते का, कधी आणि कोणत्या कारणांनी, याचे उत्तर शोधायला आयोगाचा मूळ कायदा उघडला तर कलम ८ इतके स्वच्छ उत्तर तिथे सापडत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. तो नामपूरला आणायचे कारण असे की इथल्या शेतमालाची किंमत ज्या दुकानांत, ज्या जहाजांत, ज्या गोदामांत ठरते, ती सगळी याच मंजुऱ्यांच्या साखळीत अडकलेली आहेत.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा भर कंपनी किती मोठी आहे यावर होता. १९९१ नंतर तो कालबाह्य वाटू लागला. राघवन समितीच्या शिफारशींवरून स्पर्धा कायदा, २००२ आला. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणा वापरून बाजार दाबणे हा गुन्हा, अशी त्याची बैठक आहे. संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांवरची कलमे २० मे २००९ पासून, तर कंपन्यांच्या एकत्रीकरणावरची कलमे १ जून २०११ पासून लागू झाली. बाजार समितीचा परवाना आणि आयोगाची मंजुरी यांत एक मोठा फरक आहे. परवाना दरवर्षी किंवा ठराविक वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो. आयोगाची मंजुरी एकदाच मिळते, आणि ती मिळाली की दोन कंपन्यांचे भांडवल, यंत्रे, माणसे, कर्जे एकत्र मिसळून जातात. पुढे ते वेगळे करणे फार अवघड होऊन बसते. म्हणूनच मंजुरी देताना आयोगासमोर खरे बोलले गेले पाहिजे. आणि खोटे बोलले गेले तर काय, हा प्रश्न म्हणूनच इतका जड आहे.

भारतात हा प्रश्न खऱ्या अर्थाने पहिल्यांदा उभा राहिला तो मुंबईतल्या एका कंपनीमुळे.

किशोर बियाणी यांचा फ्युचर समूह. १९८७ साली तयार कपड्यांपासून सुरुवात, २००१ साली कोलकात्यात पहिले बिग बझार, आणि पुढच्या दोन दशकांत देशभर पंधराशेहून अधिक दुकाने. दिवाळीच्या आणि प्रजासत्ताक दिनाच्या सवलतींसाठी लागलेल्या रांगा अनेकांनी पाहिल्या असतील. जोगेश्वरीत मुख्यालय असलेल्या या समूहाची मुख्य कंपनी म्हणजे फ्युचर रिटेल. समूहात आणखी एक छोटी कंपनी होती, फ्युचर कूपन्स. भेटकार्डे आणि ग्राहकांच्या सवलत-कूपनांचा तिचा व्यवसाय. या छोट्या कंपनीकडे फ्युचर रिटेलचा ९.८२ टक्के हिस्सा आला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या गुंतवणूक कंपनीने फ्युचर कूपन्सचा ४९ टक्के हिस्सा सुमारे १,४३१ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. कागद दोन होते आणि पुढचा सगळा वाद त्या दोन कागदांतल्या नात्याचा आहे. १२ ऑगस्टला फ्युचर कूपन्स, समूहाचे प्रवर्तक आणि फ्युचर रिटेल यांच्यात एक भागधारक करार झाला. त्यात फ्युचर रिटेलच्या मालमत्तेबद्दल काही निर्णयांना फ्युचर कूपन्सची संमती लागेल, असे ठरले. दहा दिवसांनी, २२ ऑगस्टला, अ‍ॅमेझॉन आणि फ्युचर कूपन्स यांच्यात दुसरा करार झाला. पहिल्या करारात फ्युचर कूपन्सला मिळालेले हक्क दुसऱ्या करारातून अ‍ॅमेझॉनच्या हाती पोचत होते. सप्टेंबरमध्ये आयोगाकडे अर्ज गेला. अर्जात मुख्य भर होता तो कूपन्स कंपनीच्या व्यवसायावर आणि तिच्या वाढीच्या शक्यतेवर. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी आयोगाने मंजुरी दिली.

मग करोना आला. दुकाने बंद, डोक्यावर कर्जाचा डोंगर. २९ ऑगस्ट २०२० रोजी फ्युचर समूहाने आपला किरकोळ आणि घाऊक व्यवसाय रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले. अ‍ॅमेझॉन सिंगापूरच्या लवादाकडे गेली. तिचे म्हणणे होते की फ्युचर रिटेलची मालमत्ता तिच्या संमतीशिवाय, आणि तीही रिलायन्सला, विकता येणार नाही. करारात तसे बंधन आहे. २५ ऑक्टोबर २०२० रोजी तातडीच्या लवादाने व्यवहाराला स्थगिती दिली. ६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश भारतातही लागू होतो, असे ठरवले.

अ‍ॅमेझॉन लवादासमोर आणि न्यायालयांत जे ठासून सांगत होती, तेच तिच्या अंगाशी आले. मार्च २०२१ मध्ये फ्युचर कूपन्सने आयोगाला कळवले: इथे मंजुरी मागताना अ‍ॅमेझॉनने कूपन्स कंपनीतली गुंतवणूक म्हणून सांगितले, आणि तिथे भांडताना तोच व्यवहार फ्युचर रिटेलवरच्या हक्कांसाठी होता असे सांगते आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आयोगाने ४ जून २०२१ रोजी अ‍ॅमेझॉनला कारणे दाखवा नोटीस काढली आणि तिचा अंतर्गत पत्रव्यवहार पाहिला. फ्युचर रिटेलमध्ये पाय रोवणे, भारतातल्या किरकोळ व्यापारात जागा मिळवणे हा हेतू त्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसतो, असा निष्कर्ष आयोगाने काढला. फ्युचर रिटेल आणि अ‍ॅमेझॉन समूह यांच्यातले व्यावसायिक करारही याच व्यवहाराचा भाग होते आणि ते तसे मांडले गेले नाहीत, हा दुसरा ठपका.

अ‍ॅमेझॉनचा बचाव लंगडा नव्हता, हेही सांगायला हवे. सगळे करार आयोगाला दिले होते, काही लपवले नव्हते. कंपनीतल्या कुणी कुणाला काय लिहिले यावरून व्यवहाराचे कायदेशीर रूप ठरत नाही. आणि मुख्य म्हणजे दिलेली मंजुरी मागे घेण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिलेलाच नाही. दरम्यान याच प्रकरणावर व्यापाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात होती. न्यायालयाने आयोगाला लवकर निर्णय द्यायला सांगितले. १७ डिसेंबर २०२१ रोजी, अशोक कुमार गुप्ता अध्यक्ष असताना, आयोगाने आदेश दिला. खरा व्यवहार न कळवल्याबद्दल २०० कोटी रुपये दंड, खोटे विधान आणि माहिती दडवणे यांसाठी प्रत्येकी एक कोटी, आणि २०१९ ची मंजुरी तहकूब. अ‍ॅमेझॉनने ६० दिवसांत नव्याने, सविस्तर अर्ज करावा. तो निकाली निघेपर्यंत मंजुरी तहकूब राहील.

भारतात अशा तऱ्हेने मंजुरी परत घेतली जाण्याची ही पहिलीच वेळ. हा अधिकार आला कुठून?

स्पर्धा कायद्यात पूर्वी कलम ३७ होते. आपल्याच आदेशाचा फेरविचार करण्याचा अधिकार ते आयोगाला देत होते. २००७ च्या दुरुस्तीने संसदेने ते कलम काढून टाकले. उरले ते कलम ३८, आदेशातली उघड चूक दुरुस्त करण्यापुरते. म्हणजे फेरविचाराचा दरवाजा संसदेने समजून-उमजून बंद केलेला होता. आयोगाने आधार घेतला तो तीन गोष्टींचा. एक, मंजुरीच्या आदेशाच्या शेवटी आयोग नेहमी एक ओळ घालतो: दिलेली माहिती चुकीची आढळल्यास हा आदेश रद्द समजला जाईल. दोन, कलम ४५ चे पोटकलम २, जे माहिती दडवणाऱ्याविरुद्ध दंडाशिवाय आयोगाला योग्य वाटेल असा आणखी आदेश देण्याची मुभा देते. तीन, फसवणुकीने मिळवलेला कोणताही आदेश टिकत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले तत्त्व. १३ जून २०२२ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद मान्य केला. अ‍ॅमेझॉनने पूर्ण आणि प्रामाणिक माहिती दिली नाही, असे म्हणून २०० कोटींचा दंड ४५ दिवसांत भरायला सांगितले.

निकाल योग्यच आहे. नियामकाला फसवून घेतलेली मंजुरी टिकवायची म्हणजे प्रामाणिकपणे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचा अपमान. पण ज्या पायावर हा निकाल उभा आहे तो पाया अरुंद आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहारांची सुरक्षितता आदेशाच्या तळाशी छापलेल्या एका ओळीवर आणि ‘योग्य वाटेल असा’ या दोन-तीन शब्दांवर अवलंबून राहते. एक वर्षाची मुदत घ्या. व्यवहार अमलात आल्यापासून एक वर्षानंतर आयोगाला त्याची स्वतःहून चौकशी सुरू करता येत नाही, असे कलम २० सांगते. अ‍ॅमेझॉनचा व्यवहार २०१९ च्या अखेरीस पुरा झाला, नोटीस निघाली जून २०२१ मध्ये. मंजुरीच कपटाने घेतलेली असेल तर ही मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? कायदा गप्प आहे.

आणि गप्प बसलेल्या कायद्याची किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली. ५ जानेवारी २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाच्या आदेशाचा हवाला देऊन सिंगापूरची लवाद प्रक्रिया थांबवली. फेब्रुवारीच्या शेवटी रिलायन्सने फ्युचर रिटेलच्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. त्यांतल्या अनेकांचे भाडेकरार तोवर रिलायन्सच्या नावावर झाले होते. एप्रिलमध्ये फ्युचर रिटेलच्या तारणधारक बँकांनी रिलायन्सबरोबरच्या योजनेविरुद्ध मत दिले आणि तो व्यवहारही बारगळला. २० जुलै २०२२ रोजी मुंबईतल्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. या दुकानांत नोकरी करणाऱ्या मुलामुलींना, माल पुरवून बिलाची वाट पाहणाऱ्या छोट्या पुरवठादारांना आयोगासमोरच्या सुनावणीत जागा नव्हती. मंजुरी परत घेतल्यावर मधल्या काळात उभे राहिलेल्या तिसऱ्या माणसाच्या हक्कांचे काय, यावर कायद्यात एक अक्षर नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. आयोगाकडे तक्रार करणारी फ्युचर कूपन्स त्याच व्यवहाराची पक्षकार होती. व्यवहाराचे पैसे तिने घेतले होते. अर्ज अ‍ॅमेझॉनने केला होता हे खरे, पण करार दोघांचेही होते. भागीदारांत बिनसले की एकाने नियामकाकडे धाव घेऊन दुसऱ्याची मंजुरी उखडायची, हे हत्यार बनू नये. तक्रार खरी असेल तर ती कुणी केली हे गौण आहे, हेही तितकेच खरे. म्हणूनच मंजुरी परत घेण्याची कारणे तक्रारदाराच्या सोयीवर नव्हे, कायद्याच्या मजकुरावर ठरली पाहिजेत.

जगात इतरत्र हे कसे होते? ऑस्ट्रेलियाचा कायदा या बाबतीत सर्वांत सरळ. तिथला स्पर्धा आयोग कंपन्यांच्या एकत्र काम करण्याच्या काही व्यवस्थांना लोकहिताच्या आधारे परवानगी देतो. ही परवानगी मागे घेण्याची तीन कारणे कायद्यातच दिली आहेत: ती खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या माहितीवर मिळाली असेल, तिच्यातली अट पाळली गेली नसेल, किंवा परवानगी दिल्यानंतर परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला असेल. युरोपीय महासंघाच्या विलीनीकरण नियमावलीत पहिली दोन कारणे आहेत. तिथले गाजलेले प्रकरण फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपचे. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी या खरेदीला मंजुरी मिळाली, तेव्हा दोन्ही सेवांची खाती आपोआप एकमेकांशी जोडणे भरवशाने शक्य नाही, असे फेसबुकने सांगितले होते. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नेमके तेच सुरू केले. मे २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने फेसबुकला ११ कोटी युरो दंड केला, पण मंजुरी कायम ठेवली. कारण तो निर्णय त्या एका माहितीवर उभा नव्हता, खाती जोडली गेली तर काय होईल याचाही विचार तेव्हा झाला होता. खोटे बोलल्याची शिक्षा वेगळी आणि मंजुरी परत घेणे वेगळे, हा फरक युरोपने केला. भारतीय आदेशात तो इतका स्पष्ट झालेला नाही.

तिसरे कारण, परिस्थिती बदलणे. हे सर्वांत अवघड, कारण यात कुणाचा दोष नसतो. इंग्लंडमध्ये प्रकाशक आणि पुस्तक विक्रेते यांच्यात १९०० पासून एक करार होता: प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली पुस्तक विकायचे नाही. १९६२ मध्ये न्यायालयाने तो लोकहिताचा ठरवून मान्य केला. छोटी पुस्तकांची दुकाने टिकतील, कमी खपाची पण मोलाची पुस्तके निघत राहतील, हा आधार. पस्तीस वर्षांनी, मोठ्या साखळी दुकानांच्या जमान्यात, काही बड्या प्रकाशकांनी स्वतःच तो करार सोडून दिल्यावर, मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने तीच मान्यता काढून घेतली. कुणी खोटे बोलले नव्हते. बाजारच बदलला होता.

आपल्याकडे मंजुरीच्या अटी बदलण्याचे एक उदाहरण सिमेंटचे आहे. लाफार्ज आणि होल्सिम या युरोपातल्या बड्या कंपन्यांचे जागतिक विलीनीकरण २०१५ मध्ये आयोगापुढे आले. होल्सिमच्या ताब्यात मुंबईतल्या एसीसी आणि अंबुजा होत्या, म्हणजे देशातला सिमेंटचा मोठा हिस्सा. आयोगाने ३० मार्च २०१५ रोजी मंजुरी दिली ती लाफार्जचे जोजोबेरा आणि सोनाडीह हे पूर्व भारतातले दोन कारखाने विकण्याच्या अटीवर. पण त्याच वर्षी खाण कायद्यात झालेल्या बदलामुळे कारखान्याबरोबर चुनखडीच्या खाणीचा पट्टा दुसऱ्याच्या नावावर करता येईना. खाणीशिवाय सिमेंट कारखाना कोण घेणार? अट पाळणे अशक्य झाले. आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये अट बदलली आणि लाफार्ज इंडिया ही कंपनीच विकायला सांगितली. ती पुढे निरमाने घेतली. अट मोडली म्हणून मंजुरी रद्द न करता आयोगाने तिची सुधारणा केली. शहाणपणाचा निर्णय. पण तोही आयोगाने आपल्या विवेकाने घेतला. कायद्यात तशी वाट आखलेली नव्हती.

मंजुरीचा क्रम चुकला तर काय होते, याचा धडा आपल्या नाशिक जिल्ह्याशी जोडलेला आहे. सिन्नरलाही कारखाना असलेली हिंदुस्तान नॅशनल ग्लास ही काचेच्या बाटल्यांची कंपनी कर्जात बुडाली. एजीआय ग्रीनपॅकची योजना धनकोंच्या समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर केली, आणि आयोगाची मंजुरी आली १५ मार्च २०२३ रोजी, एक कारखाना विकण्याच्या अटीसह. तेव्हाच्या दिवाळखोरी कायद्यानुसार आयोगाची मंजुरी धनकोंच्या मतदानाआधी हवी होती. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती योजनाच रद्द ठरवली. आयोगाने नोटीस दोन्ही कंपन्यांना द्यायला हवी होती, ती एकीलाच दिली, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. मंजुरी कागदावर होती, तरी तिच्या जोरावर व्यवहार टिकला नाही. आणि सिन्नरच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना आपला मालक कोण, हे कळायला आणखी वाट पाहावी लागली.

मंजुरी परत घेण्याची वेळच येऊ नये, असाही एक मार्ग आहे: ती मुदतीची द्यायची. नाशिकचा कांदा कोलंबो, दुबई, क्वालालंपूरला जातो तो न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये. एकाच जहाजावर अनेक कंपन्या आपापल्या कंटेनरसाठी जागा वाटून घेतात. सरळ पाहिले तर हे प्रतिस्पर्ध्यांतले संगनमतच. पण प्रत्येक कंपनीने अर्धे रिकामे जहाज चालवण्यापेक्षा ते परवडते, निर्यातदाराला नियमित फेऱ्या मिळतात. म्हणून केंद्र सरकारने ११ डिसेंबर २०१३ रोजी स्पर्धा कायद्याच्या कलम ५४ खाली अशा करारांना एक वर्षाची सूट दिली. भाडे संगनमताने ठरवायचे नाही, फेऱ्या मुद्दाम कमी करायच्या नाहीत, गिऱ्हाइके वाटून घ्यायची नाहीत, या अटी. आणि मुंबईतल्या नौवहन महासंचालकांकडे देखरेख. सूट वेळोवेळी वाढली, जुलै २०१८ मध्ये तीन वर्षांसाठी. मुदत संपली की सरकारने पुन्हा बघायचे: उपयोग होतो आहे की भाडे चढले आहे? युरोपने तर अशी सूट २५ एप्रिल २०२४ रोजी संपू दिली, नूतनीकरण केलेच नाही. कांदा निर्यात करणाऱ्या लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्याने अशा प्रत्येक मुदतीच्या आधी आपला भाड्याचा अनुभव लेखी कळवला पाहिजे. करोनाच्या काळात कंटेनर मिळत नव्हते आणि भाडी अनेक पट झाली होती, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक?

कंपन्यांच्या विलीनीकरणाला मात्र मुदतीची मंजुरी देता येत नाही, कारण एकत्र केलेले पुन्हा सहज तोडता येत नाही. म्हणून तिथे परत घेण्याची कारणे लिहिणे अधिक गरजेचे. आणि ती लिहिता येतात, हे संसदेने दाखवलेही आहे. ११ एप्रिल २०२३ रोजी स्पर्धा कायद्याची मोठी दुरुस्ती झाली. खोट्या माहितीसाठीचा कलम ४४ चा दंड एक कोटीवरून पाच कोटींपर्यंत गेला. आयोगाशी तडजोड करण्याची किंवा हमी देऊन प्रकरण मिटवण्याची नवी सोय आली, आणि तिच्यासोबत कलम ४८क, ४८ख आणि ४८ग. कलम ४८ग सांगते: कंपनीने आदेश पाळला नाही, पूर्ण आणि खरी माहिती दिली नाही, किंवा तथ्यांत महत्त्वाचा बदल झाला, तर तडजोडीचा आदेश रद्द होईल आणि चौकशी पुन्हा सुरू करता येईल. ऑस्ट्रेलियातली तिन्ही कारणे भारतीय कायद्यात आली, पण फक्त तडजोडीसाठी. ज्या विलीनीकरणाच्या मंजुरीवरून देशाने तीन वर्षे अ‍ॅमेझॉन-फ्युचरचा वाद पाहिला, तिच्यासाठी मात्र भिस्त पुन्हा आदेशातल्या त्या एका ओळीवरच राहिली. हे का, याचे पटेल असे कारण शोधूनही सापडत नाही.

मंजुरीच्या कलमांना अशी पुरवणी जोडणे कठीण नाही. कारणे तीन: फसवणूक, अटभंग आणि परिस्थितीतला मूलभूत बदल. फसवणूक आणि अटभंग यांत मंजुरी पूर्ण रद्द करता यावी. बदललेल्या परिस्थितीत आधी अटी बदलून पाहाव्यात, लाफार्जच्या वेळी केले तसे. मुदत कपट उघडकीला आल्याच्या दिवसापासून मोजावी, पण तिलाही बाहेरची हद्द असावी, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या व्यवहारावर कुणी टांगती तलवार ठेवू शकणार नाही. खोटी माहिती मूळ निर्णयाला धक्का देणारी होती का, हे आयोगाने आदेशात वेगळे नोंदवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: मधल्या काळात प्रामाणिकपणे व्यवहार केलेल्या कामगारांचे, पुरवठादारांचे आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हक्क कसे सुरक्षित राहतील, हे मंजुरी परत घेण्याच्या त्याच आदेशात सांगणे बंधनकारक असावे. आज ते नाही, आणि फ्युचर रिटेलच्या दुकानांत काय झाले ते सर्वांनी पाहिले.

हा विषय वकिलांचा, मोठ्या कंपन्यांचा, असे म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मोठ्या विलीनीकरणाची सखोल चौकशी होते तेव्हा आयोग जनतेकडून लेखी मते मागवतो. सन फार्मा आणि रॅनबॅक्सी यांच्या विलीनीकरणात २०१४ मध्ये ते पहिल्यांदा झाले. शीतगृहे, गोदामे, खते, बियाणे, प्रक्रिया कारखाने, शेतमाल घेणाऱ्या साखळी दुकानांचे व्यवहार या आयोगासमोर येत राहणार. नामपूर बाजार समितीने, इथल्या व्यापारी संघटनेने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी दोन कामे करावीत. अशी मते मागवली जातील तेव्हा आपला अनुभव, दरांच्या नोंदींसह, मुदतीत पाठवावा. आणि केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाला ठराव करून कळवावे की बाजार समितीच्या परवान्यासाठी १९६३ च्या कायद्यात जेवढी स्पष्टता आहे, तेवढी तरी हजारो कोटींच्या मंजुरीसाठी स्पर्धा कायद्यात असावी.